खुणा महापुरुषांच्या

(इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी शाळाशाळांतून एक खेळ हमखास खेळला जातो. ‘ओळखा पाहू, मी कोण?’ हा तो खेळ. शिक्षक एकेक खूण सांगतात आणि विद्यार्थी नाव ओळखतात. ‘जन्म रत्नागिरीचा’ म्हटले की दोन-चार हात वर होतात. ‘केसरी’ हा शब्द उच्चारताच सारा वर्ग ‘लोकमान्य टिळक!’ असे एका सुरात ओरडतो. टाळ्या होतात, बक्षीस म्हणून पेन्सिल मिळते आणि पुढचे नाव येते. खेळ चांगला आहे. मुले रमतात, दहा-वीस नावे त्यांच्या कानांवरून जातात. परंतु ज्या मुलाने टिळकांना ओळखले, त्याला टिळकांची ओळख झाली काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. मराठीत ‘ओळख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. गर्दीतून माणूस निवडून काढणे ही एक ओळख आणि त्या माणसाशी परिचय होणे ही दुसरी. शाळेतला खेळ पहिलीपाशीच थांबतो. दुसरी ओळख घडविणारी खूण कोणती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीचे आख्यान आहे. दमयंतीने मनोमन नलाला वरले होते. पण स्वयंवराच्या मंडपात तिच्यापुढे पाच नल उभे राहिले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नलाचेच रूप घेऊन आले होते. रूप सारखे, वस्त्रे सारखी, अलंकार सारखे. दमयंतीने देवांचीच प्रार्थना केली आणि देवांनी आपापली लक्षणे प्रकट केली. देवांच्या अंगावर घाम नव्हता. त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, गळ्यातल्या माळा टवटवीत होत्या, पावले भूमीला टेकलेली नव्हती. पाचव्याच्या कपाळावर मात्र घाम होता, अंगावर धूळ होती, माळ कोमेजलेली होती आणि त्याची सावली जमिनीवर पडली होती. दमयंतीने त्याच्या गळ्यात वरमाला घातली.

महापुरुषांच्या तसबिरींचे आज नेमके उलटे झाले आहे. तसबिरीतल्या कोणाच्याही अंगावर घाम नाही, माळ रोज ताजी असते आणि पावले भूमीपासून चार बोटे वर असतात. अशा वेळी ओळखायचे कसे? मग आपण गळ्यातल्या पाटीवरून ओळखतो. ‘समाजसुधारक’, ‘क्रांतिकारक’, ‘दलितांचे कैवारी’, ‘धर्मपरायण राणी’, ‘पहिली महिला डॉक्टर’. पाटी काढून घेतली तर कितीजण ओळखू येतील? हा प्रयोग येथेच करून पाहावा.

पहिले कोडे असे. १९१८ साली एका तरुण भारतीय अर्थशास्त्रज्ञाने शेतजमिनीच्या लहान लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे त्या काळी बहुतेक जण मानीत. या तरुणाने रोगाचे निदानच बदलले. जमिनीचा तुकडा लहान असणे हा मूळ रोग नव्हे. जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून आहेत आणि शेतीला लागणारे भांडवल, अवजारे यांची वाण आहे, हा रोग आहे. म्हणून शेतीवरचा उपाय शेतीबाहेर, उद्योगधंद्यांच्या वाढीत शोधला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९२३ साली लंडनमध्ये त्याचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा विदेशी विनिमयाचा दर सांभाळण्यापेक्षा देशातल्या माणसासाठी त्याची खरेदीशक्ती स्थिर राखणे अधिक महत्त्वाचे आहे आणि चलन हवे तितके काढण्याची मोकळीक सरकारच्या हाती ठेवणे धोक्याचे आहे, हे त्याने त्यात सांगितले. हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनविषयक आयोग भारतात आला, तेव्हा त्या आयोगापुढे या अर्थशास्त्रज्ञाची साक्ष झाली.

अजून उत्तर सुचत नसेल, तर पुढच्या खुणा घ्याव्यात. १९४२ ते १९४६ या काळात हे गृहस्थ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे येत. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला आणि बंगालची दैना झाली. पूर आला की बांध उंच करायचा, ही तोवरची रीत. या मंत्र्यांनी संपूर्ण नदीखोरे हे एकच एकक मानून योजना आखण्याचा आग्रह धरला. पूरनियंत्रण, सिंचन, जलवाहतूक आणि वीजनिर्मिती यांचा विचार एकत्र व्हावा, त्यासाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा अनुभव तपासावा, असे त्यांचे धोरण होते. १९४५च्या जानेवारीत कलकत्त्याला दामोदरविषयी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला ओरिसातील नद्यांविषयी ज्या परिषदा झाल्या, त्यांत त्यांनी ही भूमिका मांडली. महानदीवरील हिराकुड धरणाच्या मागे हाच विचार होता. देशातील जलसंपत्तीचा शास्त्रीय विचार करणारी केंद्रीय यंत्रणा १९४५ साली उभी राहिली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

ऐकणाऱ्याच्या मनात सर विश्वेश्वरय्यांचे नाव येऊ शकते, कुणाला एखादा आयसीएस अधिकारी आठवेल. उत्तर आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पहिलीच खूण ‘महू’ किंवा ‘चवदार तळे’ अशी असती, तर पाचवीतल्या मुलानेही क्षणात ओळखले असते. १९२७च्या महाडच्या सत्याग्रहाचे मोल यत्किंचितही उणे नाही. सार्वजनिक तळ्यातील पाण्याची ओंजळ आपल्याच बांधवांना नाकारणाऱ्या समाजाला तो आरसा होता आणि हिंदू समाजाने त्या आरशात अजून पुरते पाहिलेले नाही. पण ज्याला ओंजळभर पाण्यासाठी लढावे लागले, त्याच माणसाने देशातल्या महानद्यांच्या पाण्याची आखणी करावी, हे किती वर्गांतून सांगितले जाते? आज बंगाल आणि झारखंडातील ज्या शेताला दामोदरचे पाणी मिळते, त्या शेतात पाण्याने कुणाची जात विचारलेली नाही.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. महाराष्ट्रात महापुरुषांची जातवार वाटणी झाली आहे. जयंतीची मिरवणूक कोणत्या गल्लीतून निघते, तीत झेंड्याचा रंग कोणता असतो, वर्गणी कोण देते आणि कोण दार लावून घेते, यावरून ‘हा महापुरुष कुणाचा’ ते ठरते. लहान मूल हे सारे पाहते. वर्गात ‘ओळखा पाहू’ खेळताना ते मनातल्या मनात आणखी एक उत्तर देत असते : हा आपला, हा त्यांचा. ज्या खुणेने मुलाला आधी जात कळते आणि मागाहून कार्य, ती खूण कितीही सोपी असली तरी शिक्षकाने ती शेवटी ठेवावी. कार्य आधी सांगावे. मूल चार चुकीची नावे घेईल. त्या चुका मोलाच्या आहेत, कारण त्या चार नावांपैकी एखादे ‘त्यांचे’ असते आणि ते ‘आपल्यां’च्या कार्यापुढे सहज बसलेले असते.

आता दुसरे कोडे. १७६५ साली एका सेनापतीने मोहिमेवरून एक पत्र धाडले. मजकूर सारा लष्करी. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना जवळ राखावा आणि त्याच्या दारूगोळ्याची शक्य तितकी तजवीज करून ठेवावी, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. पत्र कुणा सरदाराला किंवा पुत्राला नाही. ते त्या सेनापतीच्या विधवा सुनेला आहे. सून चाळिशीची आहे. तिचा पती अकरा वर्षांपूर्वी कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडला. हे पत्र लिहिणारा सासरा पुढच्या वर्षी जाईल आणि त्यानंतर वर्षभरात एकुलता पुत्रही जाईल.

पाटी गळाली की ओळखणे किती अवघड होते, ते येथे दिसते. हातात शिवपिंडी, डोईवर पदर, शांत मुद्रा, ही तसबीर सर्वांच्या मनात आहे. त्यामुळे तोफा आणि दारूगोळा म्हटल्यावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर चटकन आठवत नाहीत. ते पत्र मल्हारराव होळकरांचे. काशी विश्वनाथाचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले, गयेचे विष्णुपद मंदिर बांधले, सोमनाथाला नवे देवालय दिले, घाट-विहिरी-धर्मशाळा भारतभर बांधल्या, हे सारे सर्वश्रुत आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु हा पैसा कोठून आला? होळकरांच्या राज्यात दौलतीचा खजिना वेगळा आणि ‘खासगी’ वेगळी. अहिल्यादेवींचा दानधर्म चालला तो खासगीतून. रयतेच्या सरकारी वसुलाला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही. दानशूर राज्यकर्ते इतिहासात उदंड झाले. स्वतःच्या पुण्याचा खर्च राज्याच्या माथी न मारणारे मात्र मोजकेच सापडतात. ही खूण एखाद्या नगरपालिकेच्या सभागृहात सांगितली तर उत्तर ओळखायला किती वेळ लागेल, कोण जाणे!

अहिल्यादेवींच्या अंगावरची धूळ पाहायची असेल तर १७६६-६७ची ती काही महिने पाहावीत. पुत्र मालेराव नुकताच गेलेला, दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड दत्तकाचा घाट घालीत आहे, राघोबादादा सैन्यासह चालून येत आहेत. शोक करायला सवड नाही. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे पत्रे रवाना केली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली, लढाईची सिद्धता केली आणि लढाई न होताच राघोबादादांना परतावे लागले. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून पुढची अठ्ठावीस वर्षे महेश्वरातून त्यांनी कारभार केला. विणकरांना आणून वसविले. महेश्वरी साडी आजही त्याची साक्ष देते. १७९१ साली जावयाच्या मृत्यूनंतर कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने विनवले, तरी लेक थांबली नाही. त्यानंतरची चार वर्षेही कारभार चालू होता. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्या वर्षी निघालेल्या चित्रांत पिंडी सर्वत्र होती, कागद-लेखणी क्वचितच दिसली.

काही कोडी लवकर सुटणारी आहेत. महाविद्यालयात पहिले वर्ष ज्याने अभ्यास सोडून तालमीत घालविले, पुढे गणित शिकविले, मृगशीर्ष नक्षत्रातील वसंतसंपातावरून वेदांचा काळ ठरविणारा ग्रंथ १८९३ साली लिहिला, आणि तुरुंगातून ज्याच्या सुटकेसाठी मॅक्समुल्लरने खटपट केली, तो गणिती कोण? हेच ते ‘केसरी’कार टिळक. ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’, ‘हुतात्मा’ हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात वाचणाऱ्याने ते कुणी रूढ केले, याचा विचार करून पाहावा. उत्तर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेपाशी, सावरकरांपाशी येऊन थांबते. आणि वैद्यकाची पदवी घेऊन १९१४च्या सुमारास कलकत्त्याहून परतलेला, पण दवाखाना कधीच न थाटलेला, १९३०च्या जंगल सत्याग्रहात जाण्यापूर्वी स्वतः स्थापन केलेल्या संघटनेचे प्रमुखपद मित्राकडे सोपवून सामान्य सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेलेला डॉक्टर कोण, हे या सभागृहात विचारण्याची गरज नाही.

एका कोड्यापाशी मात्र थांबले पाहिजे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाचे गाव आहे. तेथील दफनभूमीत एका ख्रिस्ती अमेरिकन कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या आप्तस्वकीयांच्या शेजारी, एका हिंदू स्त्रीच्या अस्थींवर शिळा उभी आहे. ही स्त्री कोण आणि ती तेथे कशी?

तिच्या पतीने, एका पोस्टातल्या नोकरदाराने, पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ख्रिस्ती होत असाल तर साह्य करू, असा मिशनऱ्यांचा सूर होता. हा पत्रव्यवहार त्यांच्या मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर नावाची गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. समोर पडलेला तो अंक तिने चाळला. पत्र वाचून तिने परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या मुलीला पत्र धाडले. त्यातून मावशी-भाचीचे नाते जुळले. १८८३च्या फेब्रुवारीत या अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीने श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात उभे राहून आपण अमेरिकेला का जात आहोत, हे इंग्रजीत सांगितले. या देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार, असा तिच्या भाषणाचा आशय होता. एकीकडे परदेशगमनाबद्दल बहिष्काराची भीती घालणारे स्वजन होते, दुसरीकडे धर्मांतराच्या अटीवर हात देऊ पाहणारे परके. दोघांनाही तिने एकाच भाषणात उत्तर दिले.

आनंदीबाई जोशी यांचे नाव एव्हाना ओठांवर आले असेल. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांचे मूल उपचारांअभावी गेले, तेथे या निश्चयाचे मूळ आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांना एम.डी. पदवी मिळाली; समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पाश्चात्य विद्यापीठात शिकताना आपल्या पूर्वजांनी या विषयावर काय लिहून ठेवले आहे, ते मांडावे असे वीस वर्षांच्या मुलीला वाटले, हे विशेष. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. ती त्यांना कधीच घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. पतीने अस्थी ‘मावशी’कडे पाठविल्या.

‘पहिली महिला डॉक्टर’ या पाटीने येथे केवढा घोटाळा केला आहे, ते पाहावे. त्याच १८८६ साली बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे प्रत्यक्ष व्यवसायही केला. मग पहिली कोण, यावर वाद रंगतात. मराठी आणि बंगाली अशी ओढाताण होते. दोघींच्या जिद्दीपुढे हा वाद फार किरकोळ आहे.

आतापर्यंतची कोडी अपुऱ्या खुणांची होती. खूणच खोटी असेल तर काय होते, हा याहून गंभीर प्रश्न आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यातले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी छत्रपती शिवाजी महाराज म्हणून जे चित्र घरोघरी आणि पुस्तकांतून पूजिले जात होते, ते मनुचीच्या ग्रंथातून आलेले इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे होते. ज्यांच्या नावाने उत्सव सुरू झाले, पोवाडे गाइले गेले, त्यांचे मुख कसे होते, हेच महाराष्ट्राला ठाऊक नव्हते! १९३३ साली एका संशोधकाने डच साधनांच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले. आज लहान मूलही जे सरळ नाक, दाढी आणि जिरेटोप पाहून ‘महाराज’ म्हणून हात जोडते, त्या ओळखीमागे ते संशोधन आहे.

याच संशोधकाने दुसरे काम त्याहून कठीण हाती घेतले. पुढील खुणा पाहाव्यात. एक राजपुत्र नवव्या वर्षी पित्यासमवेत औरंगजेबाच्या दरबारात जातो. मोठा होऊन संस्कृतात ‘बुधभूषण’ हा राजनीतीचा ग्रंथ रचतो, व्रजभाषेत काव्य लिहितो. १६८० साली त्याने दिलेले संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. अंबरच्या रामसिंहाला त्याने धाडलेले पत्रही संस्कृतात आहे. १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्यावर चालून येतो आणि मार खाऊन परततो. पाठोपाठ हा राजा गोव्याच्या वेशीवर असा धडकतो की व्हाइसरॉय आपला राजदंड झेवियरच्या शवापुढे ठेवून रक्षणासाठी धावा करतो. हिंदूंवरील जाचक कर रद्द केल्याची साक्ष देणारा याच राजवटीचा १६८८चा शिलालेख गोव्यात हडकोळण येथे आहे.

शंभर वर्षांपूर्वीच्या सुशिक्षित मराठी माणसापुढे ही यादी ठेवली असती, तर त्याने संभाजी महाराजांचे नाव शेवटपर्यंत घेतले नसते. त्याच्या मनातले संभाजी म्हणजे मद्य, व्यसने आणि उधळेपणा. बलिदान तेवढे थोर, बाकी आयुष्य वाया गेलेले. नाटककारांनी हेच रंगविले, कादंबरीकारांनी हेच खरे मानले. ही खूण आली कोठून? तिचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आहे. ती लिहिली गेली १८११च्या सुमारास, म्हणजे संभाजी महाराजांच्या बलिदानानंतर सव्वाशे वर्षांनी. आणि लिहिणारा कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी १६८१ साली देहान्त दिला, त्यांच्याच कुळातला. बाळाजी आवजींना झालेली शिक्षा अन्यायाची होती, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या कुळाचे दुःख खरे होते. परंतु दुखावलेल्या घराने चार पिढ्यांनंतर सांगितलेली खूण पुराव्याच्या कसोटीला न लावता उचलली गेली आणि नऊ वर्षे मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजलेला राजा पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच लोकांना ओळखू आला नाही.

खरी ओळख पटविणाऱ्या त्या संशोधकाचे पहिले पुस्तक १९२८ साली निघाले. त्याचे नावच ‘साधन-चिकित्सा’. कोणता कागद विश्वसनीय, कोणता नाही, कोणी केव्हा आणि कशासाठी लिहिला, हे तपासण्याचे शास्त्र त्यात मांडलेले आहे. त्यानंतर त्यांनी येथील आणि इंग्लंडमधील दफ्तरे चाळली, इंग्रज-डच-पोर्तुगीज-फारसी साधने एकमेकांशी ताडून पाहिली. संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध व्हायला १९६० साल उजाडले. तोवर लेखकाने साठी ओलांडली होती. त्याच वाटेने जाऊन कमल गोखले यांनी १९७१ साली ‘शिवपुत्र संभाजी’ सिद्ध केले. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ची आणि तिच्यावरून निघालेला चित्रपट २०२५चा. चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या तरुणांना या साखळीतले शेवटचे दुवे ठाऊक आहेत.

शिक्षकांनी या प्रकरणातून वर्गासाठी एक साधा नियम घ्यावा. कोणतीही खूण सांगितली की विद्यार्थ्याला विचारण्याची मुभा असावी : ‘गुरुजी, हे कोठे लिहिले आहे?’ उत्तर ठाऊक नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणावे आणि खरोखरच पाहावे. तीच कसोटी आपल्या आवडत्या कथांनाही लावावी. महापुरुषांच्या तोंडी घातलेली किती वाक्ये, चमत्कारासारखे किती प्रसंग केवळ ऐकीव आहेत, ते मग उमगेल. त्यांतले काही गळून पडतील. गळू द्यावेत. संभाजी महाराजांचे मोठेपण कागदांच्या तपासणीनेच उजळले. कागदांना भिण्याचे कारण नाही.

राहता राहिले शेवटचे कोडे, ते वर येऊन गेलेच आहे. पेणचा जन्म, आयुष्य दफ्तरांच्या धुळीत गेलेले, शिवछत्रपतींचे मुख ज्याने महाराष्ट्राला दाखविले आणि शंभूछत्रपतींवरचा कलंक ज्याने पुराव्याने पुसला, तो संशोधक कोण? वासुदेव सीताराम बेंद्रे. उद्या शाळेत गेल्यावर महाराजांच्या तसबिरीखाली उभे राहून मुलांना हे एक नाव विचारून पाहावे.